खऱ्या पूर्वेची भिंत

सोमवार, ३ नोव्हेंबर

सकाळी साडेदहाला मोजणीवाले आले आणि पहिल्या रांगेतल्या धर्मेशच्या दुकानावर लाल रंगाचा फराटा मारून गेले. दोन माणसं, एक तिपाई, एक दोरी, रंगाचा एक डबा. एवढ्याशा सामग्रीने सहा रांगा दिवसभर गप्प झाल्या. मी पंचवीस वर्षं वार्ताहर आहे. इतका परिणाम माझ्या एकाही बातमीचा झालेला नाही.

वस्तुस्थिती अशी. कॅम्प चारमधल्या आमच्या सहा रांगा म्हणजे लष्कराने युद्धकाळात बांधलेल्या बराकी. एकीमागे एक, मधे सारखं अंतर, सगळ्यांची टोकं एका ओळीत. माणसं नंतर आली आणि शिस्त तेव्हापासून गेली. आता मोठ्या रस्त्यापासून नाल्यावरच्या पुलापर्यंत नवा रस्ता जायचा आहे, आणि तो या रांगांना तिरका कापत जाणार. रस्त्याच्या नाल्याकडच्या कडेची रेषा आज आखली गेली: धर्मेशच्या ओट्यावरून, दुकानाच्या आतून, थेट मागच्या बोळापर्यंत. रेषेच्या अलीकडचं, मोठ्या रस्त्याच्या बाजूचं, जाणार, पलीकडचं राहणार.

"बाकीच्या पाच रांगांचं काय?" मी तिपाईवाल्याला विचारलं.

"मतदार याद्यांच्या कामाला लावलंय साहेब आम्हाला. आता अठ्ठावीसला येऊ."

म्हणजे पंचवीस दिवस कोणालाच माहीत नाही, की रेषा आपल्या घरातून जाते की शेजाऱ्याच्या. डोळ्यांनी अंदाज घ्यावा तर मधे घरंच घरं.

माझं घर सहाव्या रांगेत, पार नाल्याच्या टोकाला. रेषा कशीही गेली तरी मला लागत नाही. हे इथे लिहून ठेवतो, कारण दिवसभर चारचौघांत ते म्हणण्याचं धाडस झालं नाही.

बकुळावहिनी चौथ्या रांगेत. दादा गेल्यावर तिने पुढच्या खोलीत पाच मशीन टाकल्या. जीन्सचे खिसे शिवून देते, काज-बटण करते. हाताखाली तीन बायका. खोली दहा फूट रुंद. तिच्या सबंध संसाराचं क्षेत्रफळ तेवढंच. संध्याकाळी दारात उभी होती.

"भाऊजी, रेषा माझ्यावर येते का?"

"बघू."

"बघू म्हणजे कधी? शिरगावला भाड्याने बघितलेला गाळा मालकाने पंधरा तारखेपर्यंत धरून ठेवलाय. नंतर तो थांबणार नाही."

मी पुन्हा "बघू" म्हणालो. या शब्दावर मी आयुष्याची बरीच वर्षं काढली आहेत.

बुधवार, ५ नोव्हेंबर

लोक पावलांनी मोजतायत. पाचव्या रांगेतला अनंता सकाळी पहिल्या रांगेपासून स्वतःच्या दारापर्यंत पावलं मोजत आला, मधे कोणीतरी हाक मारली, विसरला, परत गेला. तीन वेळा. कोणी हसलं नाही.

पलीकडच्या कॅम्पात कुठेतरी जेसीबी चालू आहे. भिंतीच्या कपच्या उडाल्याचा आवाज आला की माझी बायको उमा गॅस बारीक करते. ऐकायला. मी म्हणालो, "आपलं घर सुरक्षित आहे." ती म्हणाली, "मला माहीत आहे." आणि गॅस बारीकच ठेवला.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज उपाय सापडला, आणि तोही नववीच्या भूमितीत. माझी लेक राजसी मोठ्याने पाठ करत होती: दोन समांतर रेषांना एका छेदिकेने छेदलं तर संगत कोन समान असतात. मी वरणभात तसाच ठेवून उठलो. आमच्या सहा रांगा म्हणजे सहा समांतर रेषा, आणि रस्त्याची कड म्हणजे छेदिका. पहिल्या रांगेशी ती जो कोन करते तोच चौथीशी करणार. रांगांमधलं अंतर माहीत आहे, चाळीस फूट. पहिला कोन कळला की सगळी रेषा कळली. मधल्या घरांतून पाहण्याची गरजच नाही.

राजसीला घेऊन, तिचा कोनमापक आणि सुतळी घेऊन धर्मेशकडे गेलो. धर्मेश दोरा, बटणं, चेन विकतो. दुकान अर्धं जाणार हे त्याला कळून चुकलंय, तरी खुर्ची पुढे केली.

"आओ पंडितजी. आता काय, मुहूर्त काढता का तोडायचा?"

"कोन काढतोय."

"कौन?"

"कोन, धर्मेश. अँगल."

"काढा काढा. पूर्व पण तुम्हीच काढली होती ना इथे. दुकान चाललं, साईं, झूठ नाही बोलणार."

हे मात्र खरं. अकरा वर्षांपूर्वी त्याने दर्शनी भिंत नव्याने बांधली तेव्हा वास्तूसाठी मला बोलावलं होतं. होकायंत्रावर माझा विश्वास नाही. मी पाठशाळेत शिकलेल्या रीतीने अंगणात काठी रोवली, भोवती वर्तुळ काढलं, सकाळची सावली वर्तुळाला कुठे टेकते आणि दुपारची कुठे, ते बिंदू जोडून शुद्ध पूर्व-पश्चिम काढून दिली. लष्कराला पूर्वेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी बराकी जमिनीच्या सोयीने टाकल्या. सगळ्या कॅम्पात खऱ्या पूर्वेला तोंड करून उभी असलेली भिंत एकच, धर्मेशची. अजून तिच्याकडे पाहिलं की मला बरं वाटतं.

ओट्यावर लाल रेघ ठसठशीत होती. मागच्या बोळातही आहे, पण तिथे गटाराचं पाणी. पुढूनच माप घेतलं. राजसीने सुतळी धरली, मी भिंतीला कोनमापक टेकवला. सहासष्ट अंश. तीनदा मोजले, तीनदा सहासष्ट.

सोमवार, १० नोव्हेंबर

राजसीने आलेखाच्या कागदावर सहा रेषा काढल्या, सहासष्ट अंशांची छेदिका काढली आणि पट्टीने मोजलं. दर रांगेला रेषा जवळजवळ अठरा फूट नाल्याकडे सरकते. पहिल्या रांगेत ती मोठ्या रस्त्याकडच्या टोकापासून एकशे वीस फुटांवर आहे, म्हणून चौथीत एकशे त्र्याहत्तरावर येईल. वहिनीची भिंत एकशे सत्त्याहत्तराच्या पुढे सुरू होते.

वाचली. चार फुटांनी.

तसाच कागद घेऊन गेलो. वहिनी मशीनवर होती, पाय थांबवला नाही.

"चार फूट नक्की ना, भाऊजी?"

"नक्की."

"म्हणजे मी शिरगावच्या माणसाला नाही सांगू?"

"वहिनी, हे माझं मत नाही. प्रमेय आहे. दोन हजार वर्षांत त्याला कोणी हरकत घेतलेली नाही."

तिने पाय थांबवला, कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला. तिला कळला नाही हे मला दिसलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. सात वर्षांपूर्वी दवाखान्यात डॉक्टरकडे पाहून अशीच हलवली होती.

बुधवार, १२ नोव्हेंबर

बातमी आली. पान तीन, दोन कॉलम: 'चौथ्या रांगेतील अनेक गाळे बचावणार'. आकृती छापावी असा माझा आग्रह होता, पण आमचा संपादक विनीत म्हणाला, "सर, आकृती पाहून वाचक पान उलटतो." विनीत एकोणतीस वर्षांचा आहे आणि वाचकांबद्दल त्याला सगळं ठाऊक आहे.

वहिनीने कात्रण मशीनच्या वरच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावलं, दादाच्या फोटोखाली. शिरगावच्या मालकाला फोन करून गाळा सोडला. "म्हटलं, माझ्या दिराने काढून दिलंय. पेपरात आलंय."

रस्त्यातून येताना चौघांनी नमस्कार केला. एरवी दोघे करतात.

शनिवार, १५ नोव्हेंबर

राजसीचं काहीतरी बिनसलंय. जेवत नाही. उमा म्हणते, चाचणी परीक्षेची भीती. असेल. भूमितीच्या प्रकल्पासाठी 'परिसरातील समांतर रेषा' असा विषय तिने घेतला आणि दोनदा धर्मेशकडे जाऊन आली. काल नवा कोनमापक विकत आणला. जुना चांगला होता. रात्री विचारलं, प्रकल्प कुठवर आला? म्हणाली, "झाला." मग म्हणाली, "नाही झाला." या वयात निश्चय कमी असतो. मी तिला धीर दिला की भूमितीत भिण्यासारखं काही नाही. सगळं सिद्ध झालेलं असतं. तिने भांडी विसळायला घेतली. कोणी सांगितलेलं नसताना.

मंगळवार, १८ नोव्हेंबर



संध्याकाळी उमा भाजी आणायला गेलेली पाहून राजसी समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मागच्या बोळात बासष्ट येतात."

"काय बासष्ट?"

"अंश. पुढच्या भिंतीशी सहासष्ट, मागच्या भिंतीशी बासष्ट. रेषा एकच आहे. व्युत्क्रम कोन समान यायला हवेत ना?"

"कोनमापक बदलून बघ."

"तीन बदलले."

"मग मागची भिंत वाकडी असेल."

ती जमिनीकडे पाहत बोलली. "मागची भिंत जुनी आहे बाबा. बराकीची, जाडी. मी शेजारच्या खोल्यांशी लावून पाहिली, सरळ आहे. पुढची धर्मेशकाकांनी नवी बांधली ना. तुम्हीच वळवायला सांगितली होती. पूर्वेला."

कोन समान नाहीत, तर रेषा समांतर नाहीत. याला पुस्तकात कसोटी म्हणतात. रांगा समांतर आहेत. सगळ्या सहा. फक्त सहा रांगांमधल्या शंभर-सव्वाशे भिंतींतली एक भिंत समांतर नाही, तिचं एक टोक दहा इंच पुढे आहे. कॅम्पात दहा इंच पुढे येणं म्हणजे नम्रताच. कोणाच्या डोळ्यांवर येणार? ती एकच भिंत मी हाताने वळवली, आणि माप घ्यायला मी तिच्याचकडे गेलो.

"तुला कधी कळलं?"

"शुक्रवारी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"भीती वाटली."

"माझी?"

बाहेरून उमाच्या चपलांचा आवाज आला.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सकाळी गटाराच्या पाण्यात उभा राहून स्वतः मोजलं. बासष्ट. चार अंशांचा फरक. कागदावर नव्याने आखलं. आता रेषा दर रांगेला एकवीस फुटांहून जास्त सरकते. दुसऱ्या रांगेत साडेतीन फुटांची चूक, तिसरीत सात, चौथीत दहाच्या वर. चार अंश आहेत तिथे राहत नाहीत. पुढे जातील तसे पसरतात.

चौथ्या रांगेत रेषा एकशे त्र्याऐंशीच्या पुढे येते. म्हणजे वहिनीच्या खोलीत सहा फूट चार इंच.

दहातले उरतात पावणेचार. त्यात एक मशीन आडवी मावते, पण मग बसायचं कुठे?

शिरगावच्या गाळ्याच्या मालकाला फोन केला. नाव सांगितलं नाही. गाळा हवाय म्हणालो. "दिला हो," म्हणाला, "क्लासवाल्यांना. एक बाई होत्या आधी, त्यांनी नाही सांगितलं. चांगल्या होत्या." दुसरा आहे का विचारलं. चामटोलीकडे बघा म्हणाला, पण तिथे लाइटचा लोड मिळत नाही, मशीन चालणार नाहीत.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की मी आवाज बदलून बोलत होतो.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सांगितलं नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सांगितलं नाही. जांभूळ गावच्या पाणीपुरवठ्याची बातमी होती म्हणून दिवसभर तिकडे गेलो. बातमी फोनवर होण्यासारखी होती.

भीती कशाची, हे नीट लिहायचा प्रयत्न करतो. वहिनी ओरडणार नाही. दोष देणार नाही. तिने एकदाच मान हलवली होती आणि विश्वास ठेवला होता. आता परत जाऊन तो मागे घ्या म्हणायचं म्हणजे... वाक्य पूर्ण होत नाही. संस्कृतात अशी वाक्यं पूर्ण करायला अव्ययं आहेत. मराठीत माणूस नुसता थांबतो.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज ठरवून गेलो. उमाही आली. वहिनीने थालीपिठं केली. मी तीन खाल्ली. कात्रण डोळ्यांसमोर भिंतीवर. दिवाळीनंतर मोठी ऑर्डर आलीय, दोन हजार खिसे. माया नावाची तिची कामकरीण रविवारीही आलेली. वहिनी म्हणाली, "सहावी मशीन घ्यावी म्हणते. या कोपऱ्यात बसेल ना, भाऊजी?" तिने बोट दाखवलेला कोपरा रेषेच्या बरोब्बर वाटेत.

मी म्हणालो, "बसेल."

घरी येताना उमा गल्लीच्या तोंडाशी थांबली. "काय लपवताय?"

"काही नाही."

"राजसी मला बोलली परवा," ती म्हणाली. "मी वाट बघतेय, तुम्ही कधी सांगताय याची. थालीपिठाच्या घासाघासाला बघत होते."

सोमवार, २४ नोव्हेंबर

सांगितलं. कसं ते लिहितो. पुढे मला हे मऊ करून आठवण्याचा मोह होईल.

अकरा वाजता गेलो. तिघींच्या मशीन चालू, चौथी वहिनीची. मी म्हणालो, "वहिनी, माझा हिशेब चुकला. रेषा तुमच्या खोलीतून जाते."

ती हसली. "जाऊ द्या, भाऊजी. घाबरलात तुम्ही. अठ्ठावीस जवळ आली ना."

"घाबरलो नाही. चुकलो."

"पेपरात आलंय."

"ते मीच लिहिलं."

"मग तेव्हा खरं होतं आणि आता खोटं? हे म्हणायचेच, आमचा धाकटा ढग न पाहताच छत्री उघडतो." मायाकडे वळून म्हणाली, "अगं, चहा टाक यांना."

याची मी तयारीच केली नव्हती. ती रडेल, गप्प बसेल, जा म्हणेल, सगळं मनात घोळवून गेलो होतो. ती विश्वासच सोडायला तयार नाही, हे सुचलं नव्हतं. मी कोन म्हणालो, कसोटी म्हणालो, धर्मेशची भिंत म्हणालो. ती सुईत दोरा ओवत होती. शेवटी तिच्या टेबलावरचा खडू घेतला आणि जीन्सच्या तुकड्यावर चार समांतर रेघा मारल्या. त्यांना कापणारी एक तिरकी. मग पहिल्या रेघेवरून दुसरी तिरकी, थोडीशी वेगळी.

वहिनीने माझ्या हातातून खडू काढून घेतला.

"थांबा. हा तिरका खिसाच झाला की." तिने कापड स्वतःकडे फिरवलं. "पहिल्या निशाणाला पट्टी नीट लागली नाही, सूतभर फिरली, तर तिसऱ्या-चौथ्या निशाणापर्यंत खिसा इतका तिरपा जातो. माल परत येतो." गळ्यातली टेप काढून तिने दोन तिरक्या रेघांमधलं अंतर मोजलं, पहिल्या रेघेजवळ काही नाही, चौथीवर बोटाची जाडी.

"पट्टी कशाला लावली होती तुम्ही?"

"धर्मेशच्या भिंतीला."

"ती फिरलेली आहे?"

"हो."

"कोणी फिरवली?"

"मी. अकरा वर्षांपूर्वी. पूर्वेसाठी."

तिने खडू टेबलाच्या कडेला ठेवला, तो घरंगळला, तिने पकडला. मायाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मशीन थांबवली. मग दुसरीही थांबली. सगळ्या थांबल्यावर ती खोली किती लहान आहे ते कळलं.

"किती?" वहिनी म्हणाली.

"सहा फूट चार इंच."

ती उठली, भिंतीला टाच लावून पाऊल-पाऊल चालली. सहा पावलांवर थांबली. मी तिच्या पायांकडे पाहत होतो. ती उरलेल्या जागेकडे.

"शिरगावला मी फोन करू?" तिने विचारलं.

"मी केला होता. बुधवारी. गेला गाळा."

"बुधवारी," ती म्हणाली. "आज सोमवार."

तिने कात्रण काढलं नाही. मला वाटलं होतं काढेल.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

विनीतला दुरुस्ती पाठवली. म्हणाला, "सर, पहिली बातमीच कोणी वाचली नसेल." म्हटलं, सहा रांगांनी वाचलीय. त्याने पान पाचवर चार ओळी दिल्या, एका लग्नमंडपाच्या जाहिरातीखाली.

चार ओळींवर भागणार नाही म्हणून दारोदार गेलो. दुसरी रांग, तिसरी, चौथी, पाचवी. प्रत्येक दारात तेच वाक्य: मी चुकलो, तुमच्याकडे रेषा इतके फूट पुढे येते. एका घरात दार लावून घेतलं. एका घरात पाणी दिलं. पाचव्या रांगेत अनंता म्हणाला, "तेरा-चौदा फूट पुढे म्हणजे माझं स्वयंपाकघर." मी हो म्हणालो. "मी पावलांनी मोजलं होतं, साहेब. माझं स्वयंपाकघरच येत होतं. पण तुमचं वाचलं आणि म्हटलं, शिकलेला माणूस आहे."

धर्मेशने सांगून टाकलं, "पंडितजी, आता ती भिंत पाडणारच ते. तुम्ही येऊ नका बघायला."

बुधवार, २६ नोव्हेंबर

आमच्याकडे रीत अशी: जेसीबी येण्याआधी आपण स्वतः काढून घ्यायचं. शटर, चौकट, पत्रे. यंत्राच्या तोंडी गेलं की लोखंडाचीही माती. आणि निशाण लागल्यावर सगळी गल्ली एकदम काढायला लागते, वेल्डिंगवाला मिळत नाही, हातगाडी मिळत नाही. भरपाईसाठी खोल्यांची मोजमापं आणि फोटो उन्हाळ्यातच झालेत, त्यामुळे थांबण्याचं कारण नाही. वहिनीने आजच काढायला घेतलं.

वेल्डिंगवाला शटरचे बोल्ट कापत होता तेव्हा मी चौकट धरून उभा होतो. ठिणग्या सदऱ्यावर पडल्या. कोणी बाजूला व्हा म्हणालं नाही, मीही झालो नाही. दर थोड्या वेळाने वाटायचं, पुन्हा मोजावं. कदाचित मागची भिंतही. कदाचित सगळंच. दुपारी एकदा बोळात जाऊन आलो. बासष्ट.

दोन मशीन आमच्या पुढच्या खोलीत आल्या. माझ्या पोथ्या, कोश गोणीत भरून माळ्यावर. एक मशीन मायाच्या घरी गेली. बाकीच्या दोघींना वहिनीने महिनाभर थांबा म्हणून सांगितलं. त्या दोघींच्या मशीन ताडपत्रीखाली गल्लीत आहेत. दोन हजार खिशांची ऑर्डर तिने परत केली. फोनवर म्हणाली, "जागेचा प्रॉब्लेम झालाय, शेठ." कोणामुळे ते नाही सांगितलं. मी ऐकण्याइतका जवळ होतो.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आज वहिनी आमच्या पुढच्या खोलीत शिवत होती. मी पलीकडे लिहायला बसलो, बातमी सुचली नाही. दोन तासांनी ती म्हणाली, "भाऊजी, उद्या ते नक्की येणार ना?"

"येतील."

"तुमची ही दुसरी मोजणी तरी बरोबर आहे ना?"

मी सांगितलं की बरोबर आहे. मग पहिल्यांदाच जाणवलं की मला ती चूक ठरायला हवीय, आणि चूक ठरण्याचीही तितकीच भीती वाटतेय. चूक ठरली तर शटर उगाच काढलं. ऑर्डर उगाच परत केली. या दोन भीतींमधे मी दुपारभर बसून होतो. राजसी शाळेतून आली, दप्तर न उतरवता माझ्या शेजारी बसली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

साडेनऊला आले. तीच दोन माणसं, तीच तिपाई. दुसऱ्या रांगेत निशाण मारलं, तिसऱ्या रांगेत मारलं. मी पाठोपाठ होतो, पण टेप खिशातून काढली नाही. राजसी शाळेला गेली नव्हती. उमाने विचारलं नाही.

चौथ्या रांगेत आले. दोरी तिसऱ्या रांगेच्या बोळातून, एका स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओढून घेतली. तिपाईवाल्याने डोळा लावला, हात डावीकडे, थोडा उजवीकडे, मग थांबला. दोरी वहिनीच्या खोलीत आली. पुढे शटर नाही, चौकट नाही, नुसतं उघडं तोंड आणि आत फरशी. सकाळीच धुतली होती तिने. का, ते मला माहीत नाही. खोली रिकामी झाली की लादी धुवायची सवय असावी.

रंगवाला ब्रश घेऊन आला. "निशाण कशावर मारू? शटर कुठेय इथलं?"

"काढलं," वहिनी म्हणाली.

"मग फरशीवर मारतो."

त्याने ब्रश टेकवला. रंग ओल्या लादीवर पसरला, पाण्यात फुटला, रेघ धरेना. त्याने दुसऱ्यांदा मारलं. तरी तसंच.

"थांबा," वहिनी म्हणाली. कमरेचं फडकं काढून ती खाली बसली. दोरी जिथून जात होती तिथली पट्टी तिने नीट पुसली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोरीला धक्का न लागू देता. मग फडक्याची कोरडी बाजू काढून पुन्हा एकदा पुसली. हाताने चाचपलं.

"आता मारा," ती म्हणाली. "आता बसेल."